आठवी जागा

उज्ज्वला शेडगे यांना विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, असं त्या स्वतःच चारचौघांत सांगतात. ध्वनिशास्त्रातली डॉक्टरेट माझ्याकडे आहे, पुण्यात प्रयोगशाळा माझ्या नावावर चालते आणि सत्कारात मिळालेल्या ढाली ठेवायला कपाटात जागा उरलेली नाही. तरीही २०४४च्या उन्हाळ्यात माझ्या भाचीला परत आणलं ते शेडगे मॅडमनी, मी नव्हे. तिला त्या गर्तेत ढकलायला मात्र माझा हात दोनदा लागला. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं लिहिताना मला आखडता हात घ्यायला नको.

आधी माझ्या शोधाबद्दल. दोन माणसं मनापासून बोलत असली की एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत फार तर सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. गप्पा रंगल्या की आणखी एक गोष्ट घडते. दोघंही नकळत एकाच लयीत श्वास घेऊ लागतात. आपल्या कानांना हे कळत नाही, फोनच्या माइकला कळतं. याला आम्ही श्वाससंगती असं नाव दिलं. जो माणूस महिनोन् महिने एकटा पडलेला असतो त्याची ही संगती सुटते. तो उत्तर द्यायला उशीर करतो, वाक्याच्या मध्येच श्वास घेतो. दहा मिनिटांचं बोलणं ऐकून माणूस किती एकटा आहे हे सांगणारी एक प्रणाली आम्ही तयार केली.

तिथंच थांबले असते तर मी शहाणी ठरले असते. पण मी पुढची पायरी चढले. ऐकणाऱ्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळवून घेणारा, त्याच्या बोलीत बोलणारा, योग्य जागी थांबणारा एक यांत्रिक आवाज मी घडवला. त्याला ‘सोबती’ म्हणायचे. श्वास खरा वाटावा म्हणून मूळ नमुना माझ्याच श्वासाचा वापरला होता. वृद्धाश्रमांत आम्ही सोबती दिला आणि अन्नावरची वासना उडालेले आजोबा दोन वेळा जेवायला लागले. मी इतकी हरखले की सगळी प्रणाली जगाला फुकट देऊन टाकली. ज्ञान सगळ्यांचं असतं, असं एक भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या.

सगळ्यांमध्ये ‘कातळ’ही आला.

समुद्र वर सरकू लागल्यावर कोकणच्या किनाऱ्यावरची गावं एकामागून एक उठली. त्यातली सहाशे कुटुंबं घाटावर, कराडच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या देवापुरात वसवली गेली. गावानं त्यांना पहिल्या वर्षी भाकरी दिली, दुसऱ्या वर्षी नावं ठेवली. भिजके. आधी थट्टेत म्हणायचे. मग पाण्याच्या टाकीवर भांडणं झाली आणि थट्टेतला विनोद गेला, नाव राहिलं. मग ‘कातळ’ नावाची संघटना उगवली. तिचा ना फलक होता ना कचेरी. घाटावरचे तेवढे अस्सल, बाकीच्यांना पुन्हा समुद्रात लोटा, एवढाच तिचा विचार. भिंतीवर कोळशानं काढलेला काळा दगड दिसला की समजायचं, इथं त्यांचं कुणीतरी आहे.

माझी धाकटी बहीण स्नेहल देवापूरच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिचे यजमान पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करतात आणि वर्षातले नऊ महिने गुजरातेत असतात. त्यांची एकुलती एक मुलगी ईश्वरी, तेव्हा अठराची. खो-खोत खुंटाजवळ असा सूर मारायची की बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं. शेडगे मॅडम ज्या संघाच्या प्रशिक्षक, त्या संघाचा सगळा भरवसा तिच्यावर. जानेवारीत असाच एक सूर चुकला आणि गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रिया पुण्यात झाली. आठ दिवस ती माझ्या घरी होती.

शेडगे मॅडमची एक रीत आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी पाटीवर ओळीनं बसतात, एकाचं तोंड इकडं तर दुसऱ्याचं तिकडं, आणि नववा धावतो. कुणी मुलगी जायबंदी झाली तरी त्या तिला घरी बसू देत नाहीत. सरावाला रोज यायचं आणि आपल्याच चौकोनात, लाकडी पाटावर, दुखरा पाय लांब करून बसायचं. खो मिळाला की नुसता हात वर करायचा, मग शेजारची उठून धावते. सोळा वर्षांत त्यांनी या रिवाजात खंड पडू दिला नव्हता. पाटाला मुली ‘सिंहासन’ म्हणायच्या.

मी पुण्याहून फोन करून त्यांना सुनावलं की असले गावठी प्रकार बंद करा, तीन महिने पूर्ण विश्रांती पाहिजे. शल्यविशारदांनी एक महिना सांगितला होता. उरलेले दोन माझ्या पदरचे.

“तुम्ही शिकल्या-सवरलेल्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणताय तर तसं.”

आणि त्यांनी रीत मोडली. सामने तोंडावर होते, म्हणून ईश्वरीच्या चौकोनात सावनी तांडेल ही वसाहतीतली मुलगी बसू लागली.

ईश्वरी घरी, आई पाळीवर, बाप गुजरातेत. गुडघ्याचे व्यायाम शिकवणारं एक फुकट ॲप तिनं फोनवर घेतलं. ते ॲप तिला आकडे मोठ्यानं मोजायला सांगायचं आणि आज दुखणं कसं आहे ते बोलायला लावायचं. दहा मिनिटं. ते कुणी बनवलं होतं आणि त्यात कुणाची प्रणाली होती, हे आता सांगायला नको.

पुढचं सगळं मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. ॲपमधून तिला ‘दुखापतग्रस्त खेळाडूंच्या’ एका गटात घेतलं गेलं. अकरा जण होते. पहिला महिनाभर द्वेषाचा एक शब्दही कुणी काढला नाही. नुसतं ऐकलं. गुडघा, आईच्या पाळ्या, मैत्रिणींचे न आलेले फोन. दुसऱ्या महिन्यात भिजक्यांवरचे विनोद आले, हसलं तर हसलं, नाही तर नाही. मग एक दिवस कुणीतरी अगदी हळुवारपणे विचारलं, तुझ्या जागेवर आता कोण बसतं गं? त्यानंतर छोटी कामं. वसाहतीच्या पाण्याच्या नळाचा फोटो काढ. हे आईला सांगू नकोस, तिला समजणार नाही. प्रत्येक काम आधीच्यापेक्षा एवढंसंच मोठं.

एप्रिलमध्ये स्नेहलचा फोन आला. “ताई, ईशू बदलली गं. काल दवाखान्यात लस टोचून घ्यायला आलेल्या एका बाईला माझ्यासमोर भिजकी म्हणाली. त्या बाईच्या कडेवर तान्हं होतं.” आणि ती रडायला लागली. मी दुपारच्या गाडीनं निघाले.

त्या संध्याकाळी ईश्वरीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत ती बोलत होती, फोन स्पीकरवर होता. कुणी मुलगी तिला म्हणत होती, “तू एकटी नाहीस, आम्ही आहोत ना.” वाक्याआधी तिनं श्वास घेतला. मी दाराला धरून उभी राहिले. तो श्वास माझा होता. बावीस वर्षं ज्या ध्वनिफितीवर मी काम केलं ती मला झोपेतही ओळखता आली असती.

दोन दिवस खपून मी पुरावा तयार केला. भिंतीआडून ध्वनिमुद्रण केलं, आलेख काढले, रंगीत छापून आणले. शास्त्रज्ञाला दुसरं काय येतं? ईश्वरीच्या पलंगावर कागद पसरून मी तिला समजावलं. हे बघ, अकराच्या अकरा आवाज तुझ्या श्वासावर श्वास घेतायत. माणसं असं करत नाहीत, कुणीतरी अडखळतं, कुणाला शिंक येते. यातली दहा यंत्रं आहेत. अकरावा, ज्याला तू दादा म्हणतेस, तो तेवढा कधीमधी माणूस असतो.

तिनं कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“ठाऊक आहे मला, मावशी. दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. एवढं ऐकून घेणारी माणसं असतात का कुठं?”

मी कागद पुन्हा तिच्यापुढं सरकवला.

“पुण्यात आठ दिवस होते तुझ्याकडं. सूज किती, ताप किती, सगळं विचारलंस. वहीत लिहून ठेवलंस. मला काय वाटतंय ते एकदा तरी विचारलंस?”

नव्हतं विचारलं. मी कागद गोळा केले आणि बाहेर येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. खरं तर भांडायलाच गेले होते, कारण स्वतःवरचा राग कुणावर तरी काढायचा होता. शेडगे मॅडम म्हणजे पन्नाशीची, उन्हानं रापलेली, गळ्यात शिट्टी आणि पायात मुलांच्या मापाचे कॅनव्हासचे बूट घातलेली बाई. माझं सगळं त्यांनी शिट्टी हातात धरून ऐकलं. यंत्रं, श्वास, कातळ, नळाचे फोटो.

“चूक माझी हाय,” शेवटी म्हणाल्या.

“अहो, तुमची कशी? मीच तर तुम्हाला...”

“तुम्ही सांगितलंत, पण ऐकलं मी. सावनीला दुसऱ्या चौकोनात बसवता आलं असतं. पोरीची जागा मी दिली, आणि तिला बोलवायलाबी गेले नाही. आता ती येणार न्हाई. तवा आपणच जायचं.”

मला वाटलं, भेटायला जायचं म्हणतायत. तसं नव्हतं. स्नेहलच्या घरासमोर एक मोकळा प्लॉट आहे. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिथं मुली आल्या. त्यांनी दगड वेचले, दोन खुंट रोवले, चुन्याच्या फक्कीनं पाटी आखली. पाच वाजता अख्ख्या संघाचा सराव ईश्वरीच्या खिडकीसमोर सुरू झाला. सात मुली पाटीवर बसल्या आणि एक चौकोन मोकळा राहिला. त्यात शेडगे मॅडमनी तो पाट आणून ठेवला.

राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती. प्लॉटची जमीन कडक, सूर मारला की कोपर सोलायचं. मैदानापासून घर चाळीस मिनिटांवर. पालक कुरकुरले, शेजारच्या तालुक्याचे प्रशिक्षक हसले. एक पालक तर मॅडमना म्हणाले, “एका पोरीसाठी पंचवीस पोरींचं नुकसान करताय.”

“उद्या तुमची पोरगी पडली तर तिच्या दारातबी आखीन पाटी,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुढं वाद घातला नाही, शिट्टी वाजवली.

फक्कीची बादली माझ्याकडे आली. रोज रेषा पुसल्या जायच्या आणि रोज मी त्या काढायची. मला सरळ रेघही मारता येत नाही, हे मुलींनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. मॅडम ईश्वरीला हाक मारत नव्हत्या. खिडकीकडे पाहतही नव्हत्या. पण कुणी मुलगी धावता धावता त्या रिकाम्या चौकोनापाशी आली की तिनं वाकून पाटावर पंजा ठेवायचा, ‘खो’ म्हणायचं आणि मगच पुढं जायचं, हा त्यांचा हुकूम होता.

यात खेळाचा एक नियम आहे. खो मागून द्यायचा असतो. पाठीला पंजा लागला पाहिजे आणि त्याच क्षणी तोंडून ‘खो’ निघाला पाहिजे. नुसता हात लावला तरी फाउल, नुसतं ओरडलं तरी फाउल. पंचवीस वर्षं आवाजावर संशोधन करणाऱ्या बाईनं हा नियम चौथ्या-पाचव्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला आणि बादली खाली ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

अकरा दिवस खिडकी अर्धी उघडी राहिली. ईश्वरी कानात फोनचा आवाज ऐकवणारं ते बटण घालून बसलेली दिसायची. आवाज तिला काय सांगत असतील याचा मला अंदाज होता. तुला चिडवायला आल्यात, तुझ्या जागेवरच्या भिजकीला मुद्दाम तुझ्यासमोर नाचवतायत. बाराव्या दिवशी ती बाहेर आली. बुटाच्या नाड्या बांधल्या, लंगडत प्लॉट ओलांडला आणि पाटावर पाय लांब करून बसली. तिच्या मागच्या चौकोनातून धावत आली सावनी. तिनं पंजा टेकवला. “खो!” ईश्वरीनं हात वर केला.

मी पदराला डोळे पुसले. स्नेहल दारातच मटकन बसली. शेडगे मॅडम मात्र एवढंच म्हणाल्या, “हात आणखी सरळ.”

पाच दिवस ती येत राहिली. सहाव्या दिवशी, शनिवारी, सराव संपला, मुली पांगल्या, तरी ईश्वरी पाटावरून उठली नाही. मॅडम तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसल्या. मी दहा पावलांवर बादली धुत होते.

“मॅडम, मी खेळायला आले नव्हते,” ईश्वरी म्हणाली.

“ठाऊक हाय.”

“कसं?”

“आपल्या जागेवर कुणी दुसरं बसलं की खेळाडू पयलं त्याच्याकडं बघतो. डोळ्यानं खातो. तू बाहेर आलीस आणि सावनीकडं एकदाबी बघितलं न्हाईस. म्हटलं, हिला कुणीतरी सांगून धाडलंय, तिच्याकडं बघू नको म्हणून.”

ईश्वरीचा चेहरा उतरला. “मग मला बसू का दिलंत?”

“धाडलं कुणी, ते त्यांचं त्यांच्याजवळ. बसलीस तर माझ्या पाटीवर.”

मग ती बोलली, आणि ऐकताना माझ्या हातातली बादली कलंडली. तिला सावनीशी मैत्री करायला सांगितलं होतं. मग एके दिवशी तिला पहाटे धावायला म्हणून कालव्याच्या पुलावर घेऊन यायचं. तो दिवस उद्याचा होता. तिथं दादा असणार होता आणि आणखी दोघं. सावनीला ‘समज’ द्यायची आणि त्याचं चित्रण सगळ्या वसाहतीला पाठवायचं. ईश्वरीनं फक्त बाजूला उभं राहायचं.

“तू सांगितलंस सावनीला?” मॅडमनी विचारलं.

“सांगितलं. म्हटलं, उद्या पहाटे साडेपाचला पुलावर ये, बरोबर धावू. ती एवढी खूश झाली मॅडम. म्हणाली, इथं आल्यापासून मला कुणी बोलावलंच नाही. आणि मग...” ओठ दाबून तिनं पुन्हा सुरुवात केली. “मग म्हणाली, पुलावर नको गो, तिथं चढाव हाय, तुझा गुडघा धरेल. मीच येतंय तुझ्याकडं, सावकाश चालू.”

ईश्वरीनं आपल्या गुडघ्याकडे बघितलं.

“तीन महिने मी त्यांना गुडघा सांगत होते. अकरा जणांना. रोज. कुठं दुखतं, कसं दुखतं, सगळं. पुलाला चढ आहे हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही.” तिनं कानातलं बटण काढून मॅडमच्या पुढं मातीत ठेवलं. त्याला नुसतं बोलता यायचं, ऐकणारा फोन आत घरात होता. ते तेव्हाही काहीतरी बोलत होतं, अगदी मायेनं, माझ्या श्वासानं.

मी लगेच पोलिसांना फोन लावला. सावनी पुलावर येणार नाही, हे ईश्वरीनं दादाला कळवलेलं नव्हतं. ठाण्यातल्या उपनिरीक्षक भल्या होत्या. त्या म्हणाल्या, पुलालगतच्या उसात माणसं ठेवते, पण पुलावर कुणी आलंच नाही तर ती मंडळी काही न करता निघून जातील. मुलींपैकी एकीलाही तिथं न्यायचं नाही हे तर ठरलेलंच होतं.

“मी जाते की,” शेडगे मॅडम म्हणाल्या. “माझी उंची सावनीएवढीच हाय. टोपी घालीन.”

मी त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी मला उसाच्या बांधावर उभं राहायची परवानगी दिली, तीही तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर.

फटफटलं तेव्हा पुलावर तिघं होते. मोटरसायकलवर तिशीचा एक, हाच दादा, आणि कठड्याला टेकून दोन पोरं, एकाच्या हातात हॉकीची काठी. मॅडम धावत चढ चढल्या आणि पुलाच्या मध्यावर येऊन टोपी काढली. दादानं ओळखलं की ही मुलगी नव्हे. त्यानं गाडीला किक मारली आणि पोरांकडे ढुंकूनही न बघता निघाला. पलीकडच्या टोकाला पोलिसांनी त्याला धरला. पोरं जागच्या जागी राहिली. कानात बटणं होती, ती त्यांना काय सांगत होती कोण जाणे. काठीवाल्यानं काठी उगारली. बांधावरून मी ओरडले, अट मोडून.

मॅडम मागं सरल्या नाहीत. त्याच्याकडे निरखून बघत राहिल्या.

“तू मोहित्यांचा ना?” त्या म्हणाल्या. “चार वर्षांमागं तालुक्याला खेळलास. पाठीवर सात नंबर. दुसऱ्या डावात खुंटावर आपटलास आणि पुढचा दात पाडून घेतलास, तरी रडला न्हाईस. पुढं खेळायचं का सोडलंस रे?”

पोराची काठी तशीच वर होती. “तुम्हाला कसं...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पुढचा दात खरंच नव्हता.

“मला सगळे आठवतात. कुणी विचारलंच न्हाई ना परत?”

त्यानं मान हलवली. काठी खाली आली. तो डांबरावर फतकल मारून बसला आणि ढसाढसा रडला. दुसरा त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि पोलीस आले तेव्हाही तसाच होता. मी धापा टाकत पुलावर पोचले तर मॅडम त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि उपनिरीक्षकबाईंना सांगत होत्या, “त्याच्या आईला मी आणते. तोवर त्याला काय खायला मिळंल का बघा.”

मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली. नावाजलेल्या शास्त्रज्ञांबरोबर जेवले आहे. पण त्या सकाळी मला कुणाच्या पायाशी बसावंसं वाटलं असेल तर ते त्या कॅनव्हासच्या बुटांशी.

सगळं काही गोड झालं असं नाही. दादा आत आहे, पण ‘कातळ’ संपलेला नाही. माझी प्रणाली मी मागं घेऊ शकले नाही, एकदा वाटलेलं परत येत नसतं. फोनवरचा आवाज सोबतीच्या जातीचा असेल तर सावध करणारं एक साधन मी तयार केलं, ते निम्म्या वेळा चुकतं. दुसरा पोरगा कुणाशी बोलत नाही, अजून तारखांना जातो. शेडगे मॅडम दर मंगळवारी त्याला निरीक्षणगृहात भेटायला जातात आणि अर्धा तास गप्प बसून परत येतात. ईश्वरीनं साक्ष दिली आणि त्याआधी सावनीच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. सावनीची आई तिला उंबऱ्याच्या आत घ्यायला तयार नव्हती. सावनी स्वतः आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी सरावाला ईश्वरीच्या पाठीत असा सणसणीत पंजा मारला की साऱ्या प्लॉटला ऐकू गेला. त्यानंतर त्या दोघी बोलू लागल्या. राज्य स्पर्धेत संघ उपांत्य फेरीत हरला. प्लॉटवर सराव केल्यामुळे हरला, असं अजूनही लोक बोलतात. मॅडम त्यावर हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी देवापूरला गेले. सराव पुन्हा मैदानावर सुरू झाला होता. सुट्टीमुळं मोजक्याच मुली आल्या होत्या, त्यात एक आजारी, म्हणून पाटीवर सातच जणी. मॅडमनी इकडं तिकडं पाहिलं आणि बोट माझ्याकडे केलं.

“मी? अहो, माझं वय अठ्ठावन्न. गुडघे कुरकुरतात.”

“म्हणून तर पाट हाय. बसा डॉक्टरीणबाई. मागं वळून बघायचं न्हाई, एवढा एकच नियम पाळा.”

मुली खुसुखुसू हसल्या. मी पदर खोचला आणि सिंहासनावर बसले. समोर रिकामं मैदान, मागं धावणाऱ्या पायांचे आवाज. कोण धावतंय ते दिसत नव्हतं. सवयीनं मी कान लावला. पावलं एकसारखी पडत नव्हती. डावा पाय जपून टेकत होता, उजवा जोरात. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर ती पहिल्यांदा धावत होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. गेले सहा महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, हो आणि नाही यापलीकडे नाही.

पावलं जवळ आली. मागं श्वास ऐकू आला, धापेनं तुटलेला, कुणाशीही न जुळणारा.

“मावशी, खो!” आणि त्याच क्षणी पाठीवर तिचा पंजा पडला, गरम आणि चांगलाच जोरात.

मला उठून धावायचं होतं. मी नुसताच हात वर केला आणि तसाच वर धरून ठेवला, शेजारची मुलगी उठून पळाली तरी.

“हात आणखी सरळ,” शेडगे मॅडम म्हणाल्या.